साध्या माणसांच्या हातून दिसलेली श्रद्धा

अहवालाच्या आधीच्या पानांवर वर्षभरातील कामाचा तपशील आपण वाचला असेल. बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, प्रसूती, डायलिसिस, जमाखर्च हे सारे तेथे आहे. हा लेख आकड्यांचा नाही. गेल्या काही वर्षांत देणगीदारांनी आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर येथे देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

एका रुग्णाचा मुलगा बिल भरून परत जाताना आमच्या कार्यालयात आला. वडील वाचले नव्हते. तक्रार करण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्याने शांतपणे विचारले, “तुमच्या दारात क्रूस आहे, प्रार्थनामंदिर आहे, भिंतीवर शुभवर्तमानातील वचने आहेत. हे सगळे नसते, तर इथल्या कामात काय फरक पडला असता?”

आम्ही त्याला त्या वेळी जे उत्तर दिले ते आम्हालाच समाधानकारक वाटले नाही. आम्ही संस्थेची उद्दिष्टे सांगितली, स्थापनेचा हेतू सांगितला. तो ऐकून निघून गेला. त्याचा प्रश्न मात्र राहिला. ख्रिस्ती श्रद्धा खरी आहे हे कशावरून ओळखावे? आणि माणिकपूरसारख्या ठिकाणी, वसई रोड स्थानकाच्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर, ती कोठे पाहावी?

शुभवर्तमानातील कसोटी

संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला भेट, बंदिवानाला सोबत ही तेथील कसोटी आहे, आणि या सर्व दुःखितांमध्ये आपणच होतो असे प्रभू सांगतो. हा भाग बहुतेकांना परिचित आहे. त्यातील एक तपशील मात्र सहसा नजरेआड होतो. ज्यांची स्तुती होते त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटते. आम्ही हे केव्हा केले, असे ते विचारतात. आपण देवाची सेवा करीत आहोत याची त्यांना जाणीवही नव्हती. समोर एक गरजू माणूस होता आणि त्यांनी त्याला जे हवे होते ते दिले, एवढेच.

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची कथाही हेच सांगते. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाजवळून याजक जातो, लेवी जातो. थांबतो तो शोमरोनी. यहुदी समाजाच्या दृष्टीने तो परका होता, त्याची उपासना चुकीची मानली जात होती. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवतो, धर्मशाळेत नेतो, मालकाला दोन दिनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना भरून देईन असे सांगतो. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर या एका कथेत प्रथमोपचार, रुग्णवाहिका, दाखल करून घेणे, आगाऊ रक्कम आणि उर्वरित बिलाची हमी हे सारे आले आहे. येशूने हे काम ज्याच्या हाती दिले तो कोणी धर्माधिकारी नव्हता, आणि ऐकणाऱ्यांच्या धर्माचाही नव्हता. श्रद्धेवर आपलीच मालकी आहे असे कोणाही ख्रिस्ती संस्थेला म्हणता येऊ नये, याची व्यवस्था या कथेतच झालेली आहे.

ख्रिस्ती परंपरेने पुढे या शिकवणुकीला संस्थेचे रूप दिले. इ. स. ३७० च्या सुमारास कैसरियाचे बिशप संत बाझिल यांनी गावाबाहेर आजारी, निराधार आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी वसाहत उभारली. रुग्णालयांच्या इतिहासात तिचा उल्लेख अग्रभागी होतो. १४९८ मध्ये लिस्बन येथे मिझेरिकॉर्दिया नावाचे बंधुमंडळ स्थापन झाले. ते धर्मगुरूंचे नव्हते, प्रापंचिकांचे होते. दयेची चौदा कृत्ये पार पाडणे हा त्याचा नियम होता. त्यांपैकी सात शरीराची आणि सात आत्म्याची. आजाऱ्याची विचारपूस आणि मृताचे दफन ही दोन्ही पहिल्या सातांत येतात. पोर्तुगीज जेथे जेथे गेले तेथे हे मंडळ गेले आणि वसईच्या कोटातही ते होते. कोटातील वास्तूंचे आज भग्नावशेष उरले आहेत. चौदा कृत्यांपैकी एकही मात्र कालबाह्य झालेले नाही.

वसईच्या मातीतील उदाहरणे

वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आली. माणिकपूरचे संत मायकल चर्च १६०६ चे. म्हणजे या परिसरातील ख्रिस्ती समाजाला चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो इतिहास बहुधा राज्यकर्ते, किल्ले, चर्च आणि बिशप यांच्या नावांनी सांगितला जातो. त्याच इतिहासात साधी माणसे शोधली तर वेगळे चित्र दिसते.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेच उदाहरण घ्या. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथील. तरुणपणी ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षणाच्या कामात साहाय्य करू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. मग त्यांनी काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ते बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ जपानला गेले तेव्हा त्यांना दुभाषी म्हणून नेण्यात आले. क्योतो येथे या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर मृत्युदंड देण्यात आला, त्यांत गोन्सालोही होते. ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद घोषित झाले. वेदीवर त्यांची प्रतिमा पाहताना हे लक्षात ठेवावे की हयातीत त्यांचे काम दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला समजावून सांगण्याचे होते. आमच्या स्वागतकक्षातील कर्मचारी डॉक्टरांचे म्हणणे वारली बोलणाऱ्या आजीला समजावून सांगतात, तेव्हा ते याच परंपरेत बसतात असे आम्हाला वाटते.

दुसरे उदाहरण १७३९ नंतरचे. त्या वर्षी चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. तहाच्या अटींनुसार येथे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूंचे संघही मोठ्या प्रमाणात गेले. त्यानंतर राजाश्रय उरला नाही, कोटातील वैभव उरले नाही. तरीही गावोगावचा ख्रिस्ती समाज टिकला. शेतकरी, बागायतदार, कोळी, सुतार, त्यांच्या घरातील स्त्रिया आणि मोजके देशी धर्मगुरू यांनी तो टिकवला. पाळीवच्या आणि गल्लीच्या तोंडाशी असलेले क्रूस, त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी म्हटली जाणारी जपमाळ, दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी पोहोचवायचे जेवण यांना कोणाचा हुकूम लागत नव्हता. सत्तेच्या पाठबळाने मिळालेला धर्म सत्ता गेल्यावर जातो. येथे तो गेला नाही, ही त्याच्या खरेपणाची एक साक्ष होय.

या मातीत वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याचे नेतृत्व केले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. पण पाणी आणि झाडे वाचवण्याच्या त्या लढ्यात मोर्चाला येणारे लोक कोण होते? पहाटे उठून भाजी खुडणारे, केळीच्या बागा राखणारे, आणि मोर्चा संपल्यावर पुन्हा बागेत जाणारे. मोठ्या माणसाच्या श्रद्धेला आकार देणारी अशी हजारो माणसे असतात आणि त्यांची नावे कोठे लिहिली जात नाहीत.

रेल्वेतील अनोळखी सहप्रवासी

वसईबाहेरचे, परंतु प्रत्येक मराठी वाचकाच्या परिचयाचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. डब्यात एक सहप्रवासी भेटला. दोघांचे काव्याविषयी, धर्माविषयी बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी ती वाचली, डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्याचा मोठा भाग पुढे त्यांच्या लेखणीतून उतरला. तो सहप्रवासी मात्र अनोळखीच होता.

लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास याहून वेगळा होता आणि आमच्या विषयाशी अधिक जवळचा आहे. कडक सोवळ्याच्या घरात त्या वाढल्या. पतीच्या धर्मांतराने त्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, काही वर्षे ताटातूट झाली. एकत्र आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले. पतीच्या युक्तिवादाने त्यांचे मन वळले नाही. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तर सापडताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. त्यांच्या घरात पुढे अनेक निराधार मुले वाढली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला जाणवते की या बाईंच्या श्रद्धेची सुरुवात सिद्धान्तापाशी झाली नाही. पाण्याच्या एका भांड्यापाशी झाली.

चर्चनेही हे अधिकृतपणे मान्य केले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट केले की पावित्र्याचे पाचारण केवळ धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना नसून प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या आपल्या पत्रात शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांविषयी लिहिले. मुलांना मायेने वाढवणारे आईवडील, घर चालवण्यासाठी राबणारी माणसे, आजारपणातही हसतमुख राहणारे वृद्ध यांच्यात त्यांना पावित्र्य दिसले. २०२५ मध्ये पोप निवर्तले, तरी त्यांचा हा विचार अनेकांच्या मनात घर करून राहिला आहे.

कायदा जेथपर्यंत नेतो

आता आमच्या रुग्णालयाकडे वळू. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने काही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तातडीच्या प्रसंगी जीव वाचवण्याचे उपचार प्रथम करावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे.

हे आम्ही पाळतो. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर हे पाळण्यात श्रद्धेचा काही विशेष पुरावा नाही. ज्यांच्या दारात क्रूस नाही त्या रुग्णालयांनाही हाच कायदा लागू आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पूर्ततेत सापडणार नव्हते. ते आम्हाला सापडले ते एका चुकीतून, आणि ती चूक आमची होती. म्हणून ती येथे नोंदवतो.

एका रात्रीची हकिकत

काही वर्षांपूर्वीची, थंडीच्या दिवसांतील गोष्ट. पूर्वपट्टीतील एका वीटभट्टीवर काम करणारे जोडपे रात्री उशिरा आपल्या लहान मुलाला घेऊन आले. मुलाला फेफरे येत होते, अंग तापाने फणफणले होते. आणणारी रिक्षा त्यांना सोडून निघून गेली. प्रवेशाच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने नेहमीच्या सवयीने अर्ज पुढे केला आणि अनामत रकमेचा आकडा सांगितला. पैसे नसतील तर काय करावे हे सांगायचे राहून गेले. आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिले, मुलाला चादरीत गुंडाळले आणि काही न बोलता ती दोघे फाटकाकडे चालू लागली. अपघात विभाग तेथून अवघ्या काही पावलांवर होता.

फाटकाजवळ रात्रपाळीच्या सफाई कामगार मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारपूस केली, मुलाच्या कपाळाला हात लावला आणि आईच्या दंडाला धरून तिला सरळ अपघात विभागात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तत्काळ उपचार सुरू केले. मावशी मग खिडकीपाशी परत आल्या. अर्जावर ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना होता. तेथे त्यांनी स्वतःचे नाव लिहिले. अक्षरओळख जेमतेम, त्यामुळे नाव लिहायला त्यांना बराच वेळ लागला, असे त्या कर्मचाऱ्याने नंतर आम्हाला सांगितले. मुलगा चार दिवसांनी बरा होऊन घरी गेला.

सकाळी ही गोष्ट प्रशासनाकडे आली तेव्हा मावशी घाबरलेल्या होत्या. आपण कामाची जागा सोडली, कागदावर सही केली, आता नोकरी जाईल अशी त्यांची समजूत होती. आम्ही विचारले, “मावशी, त्या लोकांची तुमची ओळख होती का?”

“नाही.”

“मग नाव कसे घातलेत? बिल तुमच्यावर आले असते.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाहेर रिक्षा नव्हती ना साहेब. एवढ्या रात्री पोराला घेऊन ती जाणार कुठे होती?”

देवाचे नाव त्यांनी घेतले नाही. शुभवर्तमानाचा दाखला दिला नाही. त्या पाळी संपल्यावर सकाळच्या मिस्साला जातात आणि मागच्या बाकावर बसतात हे आम्हाला पुढे कळले. आमच्या भिंतीवर शोमरोन्याचे सुंदर चित्र आहे. त्या रात्री ती दोघे त्या चित्राखालून बाहेर गेली होती आणि चित्राने त्यांना थांबवले नव्हते.

आणखी काही हात

या घटनेनंतर आम्ही आजूबाजूला अधिक लक्षपूर्वक पाहू लागलो, आणि जे नेहमीच होते ते दिसू लागले. सामान्य कक्षात ज्या रुग्णांकडे कोणी येत नाही त्यांच्यापाशी दुपारी बसणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची पत्नी याच कक्षात वारली. ते वर्तमानपत्र वाचून दाखवतात, कधी नुसतेच बसतात. जवळच्या गावातील काही स्त्रिया रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पेज आणि लोणचे घेऊन येतात. भांडी त्या स्वतः घासून परत नेतात. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद दोघे दोघे मिळून घरी गेलेल्या गरीब रुग्णांची चौकशी करतात. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह स्थापन केली. ख्रिस्ती धर्म आज प्रत्यक्ष काय करतो, या टीकाकारांच्या प्रश्नाला त्या तरुणांनी भाषणाने उत्तर देण्याऐवजी गरिबांच्या जिन्यांवर चढायला सुरुवात केली. आज वसईतील अनेक धर्मग्रामांत तिचे काम चालते.

जुलै २०१८ च्या पुरात रुळांवर पाणी आले, गाड्या थांबल्या, तेव्हा आमच्या परिचारिका कमरेइतक्या पाण्यातून चालत कामावर आल्या. २०२० आणि २०२१ च्या कोविड काळात चर्च बंद होती, अंत्यविधीला मोजकीच माणसे चालत होती. त्या दिवसांत मृतांचे दफन करण्यासाठी तरुण मंडळी पुढे आली. त्यांतील काहींनी हे घरी आधी सांगितलेही नव्हते. मृताचे दफन हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, हे त्यांना धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी तरी शिकवले असेल. ते आठवून ते गेले की केवळ कोणी तरी जायला हवे म्हणून गेले, हे विचारण्याची आम्हाला गरज वाटली नाही.

येथे हेही नमूद केले पाहिजे की असे हात केवळ ख्रिस्ती नाहीत. मध्यरात्री रक्त द्यायला येणारे तरुण, पैसे न घेता रुग्णाला घरी सोडणारे रिक्षाचालक, शेजारच्या खाटेवरील अनोळखी बाईला पाणी पाजणाऱ्या आज्या यांत सर्व धर्मांची माणसे आहेत. आम्ही कोणाही रुग्णाचा धर्म उपचारासाठी पाहत नाही आणि कोणाच्या दुःखाचा उपयोग आपल्या धर्माच्या प्रसारासाठी करीत नाही. शोमरोन्याच्या कथेने आम्हाला तेवढे शिकवले आहे.

कौतुकातील धोका

साध्या माणसांचे असे गुणगान करताना एका धोक्याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे. मावशींच्या श्रद्धेचे कौतुक करून त्यांच्या पगाराचा विषय टाळला, तर ते ढोंग ठरेल. विश्वस्त मंडळाच्या सभेत ही हकिकत सांगितली गेली तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. मग एका सदस्याने विचारले, “जे काम करणे संस्थेचे कर्तव्य होते ते करण्यासाठी आपल्या सर्वांत कमी वेतन असलेल्या कामगाराला नोकरी धोक्यात का घालावी लागली?” त्यावर काही वेळ कोणीच बोलले नाही.

त्या चर्चेतून काही निर्णय झाले. प्रवेशाची खिडकी अपघात विभागाच्या दारातून हलवण्यात आली. आता येणाऱ्या माणसाला प्रथम परिचारिका भेटते. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पैशांचा विषय काढायचा नाही, असा लेखी नियम झाला आणि तो मराठीत व हिंदीत मोठ्या अक्षरांत लावला आहे. रात्रपाळीत कोणत्याही कर्मचाऱ्याला, मग तो कोणत्याही पदावर असो, रुग्णाला थेट आत नेण्याचा अधिकार आहे. मावशींनी अर्जावर लिहिलेले नाव रद्द करून तेथे संस्थेचे नाव घालण्यात आले. त्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला शिक्षा केली नाही, कारण त्याने आम्ही शिकवलेलेच केले होते.

रात्रपाळीच्या कंत्राटी सफाई कामगारांना संस्थेच्या सेवेत कायम करण्याचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. त्यासाठी दरवर्षी वाढीव खर्चाची तरतूद करावी लागेल. निर्धन रुग्ण निधीत कायद्याने जमा होणारी रक्कम गरजेच्या मानाने अपुरी पडते, ती तूटही भरून काढावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधाव्यात यावर विश्वस्तांमध्ये मतभेद आहेत आणि ते आम्ही लपवू इच्छित नाही. काहींच्या मते रुग्ण आधी, काहींच्या मते रुग्णाची सेवा करणारे हातही तितकेच आधी. आपल्या देणगीचा विनियोग कसा व्हावा याविषयी आपले मत कळवावे, ही नम्र विनंती.

उत्तर

ज्या मुलाच्या प्रश्नापासून हा लेख सुरू झाला त्याला आज आम्ही काय सांगू? दारात क्रूस नसता तर कदाचित फारसा फरक पडला नसता, हे आधी मान्य करू. क्रूस भिंतीवर आहे म्हणून कोणी बरे होत नाही, आणि क्रूसाखालूनच एक मूल उपचाराविना बाहेर चालले होते. पण त्याच क्रूसाकडे पाहत वाढलेली एक बाई फाटकापाशी उभी होती. तिच्या आईने, आजीने, ओट्यावरच्या जपमाळेने, मागच्या बाकावरून ऐकलेल्या शुभवर्तमानाने तिच्या हाताला एक सवय लावली होती. चारशे वर्षे वसईत श्रद्धा अशीच एका हातातून दुसऱ्या हातात गेली आहे. आमच्यासारख्या संस्थांचे काम एवढेच की अशा हातांच्या आड येऊ नये, आणि जमल्यास त्यांच्याकडून शिकावे.

त्या मुलाचा पत्ता आमच्या नोंदवहीत आहे. या अहवालाची एक प्रत त्याला पाठवत आहोत.